ऐकू न येता, एकट्याने, आडरस्त्याने: नागपूरहून गाडी आणि तंबू घेऊन निघताना

अंधार पडला की माझं बोलणं बंद होतं. समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, हात दिसत नाहीत. मोबाइलवर लिहून दाखवावं तर स्क्रीनचा उजेड थेट त्याच्या डोळ्यांत जातो आणि तो आधी दोन पावलं मागे सरकतो. म्हणून कर्णबधिर माणसाने एकट्याचा प्रवास किलोमीटर मोजून आखू नये, उजेड मोजून आखावा. नागपूरकडे डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. म्हणजे मुक्कामाच्या गावी साडेतीनला, फार तर चारला पोचायचं. जागा बघायची, परवानगी मागायची, दोनचार माणसं ओळखीची करून घ्यायची, सगळं उजेडातच. पुढे जे काही सांगतोय ते बहुतेक यातूनच निघालेलं आहे.

ज्यांना अजिबात ऐकू येत नाही किंवा यंत्र लावूनही थोडंच येतं, गाडी चालवता येते, आणि "एकटा कुठे जातोस" म्हणत घरचे किल्ली लपवतात, त्यांच्यासाठी हे आहे. किल्ली लपवणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही.

कागद

"ऐकू येत नसेल तर लायसन्स मिळत नाही" असं छातीठोक सांगणारे अजूनही भेटतात. ते चूक आहे. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कर्णबधिरांना चाचणी देऊन परवाना मिळण्याचा मार्ग मोकळा केला, आणि २०१६ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना तसं कळवलं. गाडी चालवणं हे मुख्यतः डोळ्यांचं काम आहे, हा त्यामागचा वैद्यकीय आधार. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये ठेवा, शिवाय एक छापील संच गाडीत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मात्र खिशातच हवं. नाकाबंदीत पोलिसाने हात केला की गाडी बाजूला घ्यायची, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे. मग कानाकडे बोट दाखवायचं आणि तो मान डोलावेपर्यंत थांबायचं. त्याआधी घाईघाईने डिकीकडे किंवा खिशात हात घातला तर उगाच संशय येतो.

गाडी

मी छोटी जुनी हॅचबॅक वापरतो. बुलेटवाले मित्र हसतात. पण गाडीला दारं असतात, आतून लॉक लागतं, आणि तंबूत जीव रमला नाही तर मागची सीट पाडून झोपता येतं. दुचाकीनेच जायचं असेल तर कानामागचं यंत्र हेल्मेटखाली शिट्टी मारतं आणि वाऱ्याचा नुसता घोंगाट देतं. ते काढून डबीत ठेवलेलं बरं. डबीत सिलिका जेलची पुडी, आणि डबी डॅशबोर्डवर उन्हात नाही.

ऐकणाऱ्या चालकाशी गाडी सारखी बोलत असते, आपल्यापर्यंत त्यातलं काहीच येत नाही. इंडिकेटरची टिकटिक घ्या. वळण संपून दोन किलोमीटर झाले तरी उजवा इंडिकेटर लुकलुकत राहतो, आणि मागचा ट्रकवाला हा आता वळेल, मग वळेल, म्हणून ताटकळतो. यावर सवय एकच: वळण पुरं झालं की नजर आधी आरशात, लगेच डॅशबोर्डवरच्या हिरव्या बाणावर. जुलै २०१९ नंतर बनलेल्या गाड्या ताशी ८० च्या वर गेल्यावर बीप देतात आणि १२० च्या वर ती सतत वाजते. सीटबेल्टची बीप असते, मागे घेताना सेन्सरची असते. हे सगळं दुसऱ्यांसाठी. मागे घेताना आपण खाली उतरून बघायचं. लाज वाटायचं कारण नाही.

थांबल्यावरचा क्रम ठरलेला हवा: हेडलाइट बंद, इंजिन बंद, किल्ली हातात, मग दार. चांगल्या गाडीचं इंजिन उभ्या जागी इतकं मऊ चालतं की बॉनेटवर हात ठेवल्याशिवाय ते चालू आहे की बंद, आपल्याला कळत नाही. हेडलाइट चालू राहिल्याची सूचनाही आवाजातच असते, आणि सकाळी आडगावात बॅटरी उतरलेली सापडते.

हॉर्नचा फ्यूज उडाला तर आपल्याला महिनाभर पत्ता लागणार नाही. निघताना पंपावर पेट्रोल भरणाऱ्या पोराकडे बघून हॉर्न दाबायचा आणि अंगठ्याने विचारायचं. त्याने अंगठा वर केला की झालं. टायरसाठी व्हॉल्व्हवर बसवायचे सेन्सर मिळतात, चारही चाकांची हवा छोट्या पडद्यावर आकड्यांत दिसते. आपल्या कामाची याहून चांगली वस्तू बाजारात कमीच असेल. बाकी गाडीची थरथर ओळखून ठेवा: तिसऱ्या गिअरमध्ये स्टिअरिंगवर किती असते, सीटखाली किती असते. ती बदलली की थांबून बघायचं.

रस्त्यावर

आपल्याकडे ओव्हरटेक करणारा हॉर्न वाजवतो आणि पुढच्याने ऐकला असं धरून चालतो. ट्रकमागे लिहिलेलं "हॉर्न ओके प्लीज" महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंद केलं, सवय काही बंद झाली नाही. आपला उपाय आरसा. दर पाचसहा सेकंदांनी तिन्ही आरसे फिरून यायचे. बाजूच्या आरशांना कोपऱ्यात चिकटवायचे छोटे गोल आरसे कुठल्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळतात, ते लावाच. मागच्या काचेवर नुसतं "चालक कर्णबधिर" लिहू नका, कारण ते वाचून मागच्याने करायचं काय? माझ्या काचेवर "ऐकू येत नाही, डिपर द्या" असं आहे, आणि लोक खरोखर देतात. दिवसाही आरशात डिपर दिसतो.

आडरस्ता अरुंद असतो, डांबराची पट्टी एका गाडीपुरती. मागे कोणी दिसलं की मी पुढच्या रुंद जागी डावीकडे उतरून हातानेच त्याला पुढे जायला सांगतो. हिवाळ्यात सावनेर-काटोलकडे कापसाने भरलेल्या बैलबंड्या असतात, भंडाऱ्याकडे धानाचे ट्रॅक्टर. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. हे सगळ्यांनाच त्रासाचं असतं, पण ऐकणाऱ्याला निदान ट्रॅक्टरची फटफट आधी कळते. अंधारात आडरस्त्याला गाडी घालायची नाही, हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही.

रस्ता चुकू नये म्हणून ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या. पण नॅव्हिगेशनची बाई बोलते ते आपल्याला नसतं आणि सारखं स्क्रीनकडे बघितलं तर आरसा सुटतो. मी डॅशबोर्डला चिठ्ठी चिकटवतो: गावांची नावं क्रमाने आणि कुठल्या फाट्यावर डावीकडे, कुठे उजवीकडे. स्मार्टवॉच असेल तर वळणाआधी मनगटावर थरथर मिळते. किलोमीटरच्या दगडांचे रंगही माहीत असू द्या: राष्ट्रीय महामार्गाचा पिवळा, राज्य महामार्गाचा हिरवा, ग्रामसडकेचा केशरी. मदत मागताना कुठे आहोत हे लिहायला त्या दगडावरचे आकडे लागतात.

आधी एका दिवसाची फेरी

पहिल्याच खेपेला तंबू घेऊन निघू नका. नागपूर, कळमेश्वर, धापेवाडा, आदासा, सावनेर आणि छिंदवाडा रस्त्याने परत, अशी फेरी दिवसाउजेडी आरामात होते. धापेवाड्याला चंद्रभागेकाठचा विठ्ठल, आदास्याला टेकडीवरचा गणपती. देवदर्शन म्हटलं की घरचेही फार कुरकुरत नाहीत. या फेरीत तीन गोष्टी मुद्दाम करायच्या: अनोळखी माणसाला कार्ड (ते कसं करायचं ते पुढे सांगतो) दाखवून रस्ता विचारायचा, टपरीवर बसून चहा आणि चना-पोहे मागवायचे, आणि एखाद्या ठिकाणी "इथे रात्री गाडी लावली तर चालेल का" असं विचारून बघायचं, मुक्काम करायचा नसला तरी. या तिसऱ्या प्रश्नावर लोकांचे चेहरे कसे बदलतात ते एकदा पाहून ठेवलं की पुढे दचकायला होत नाही.

आपली ओळख

दोन कार्डं करा, हाताच्या पंजाएवढी, लॅमिनेट केलेली, मोठ्या अक्षरात. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी, कारण खवासा ओलांडलं की मध्य प्रदेश. पहिल्यावर:

"नमस्कार. मला ऐकू येत नाही. माझ्यासमोर उभं राहून सावकाश बोला किंवा लिहून द्या."

दुसऱ्यावर:

"मी नागपूरचा. एकटा फिरायला आलोय. आज रात्री इथे गाडी लावून झोपलो तर चालेल का? सकाळी सात वाजता निघेन. दारू पीत नाही, आग पेटवणार नाही."

शेवटचं वाक्य सगळ्यांत जास्त काम करतं.

पण गावात सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला चष्मा आणायला पाठवणं बरं दिसत नाही. त्यासाठी मी ताईच्या आवाजात अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग फोनमध्ये ठेवलंय. "नमस्कार काकाजी, हा माझा भाऊ, याला ऐकू येत नाही, कामधंदा करतो, फिरायची आवड आहे" वगैरे. कुही तालुक्यातल्या एका गावी पोलीस पाटलांसमोर ते लावलं. काकाजींनी फोन कानाला लावला, मान डोलावली आणि मग फोनलाच उत्तर द्यायला लागले. हात हलवून, चांगलं लांबलचक. मध्येच थांबून ताईच्या उत्तराची वाट बघू लागले. शेजारचे पोट्टे हसून लोळत होते. तेव्हापासून रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच ताई सांगते की हे आधी बोलून ठेवलेलं आहे, मी फोनवर नाही. नेटवर्क असेल तर सरळ व्हिडिओ कॉल लावावा: ती त्यांच्याशी बोलते, माझ्याशी खुणांनी.

बोललेलं मराठीत लिहून दाखवणारं लाइव्ह ट्रान्सक्राइब ॲप कामाचं आहे, पण इंटरनेटशिवाय त्याच्या भरवशावर राहू नका, आणि वऱ्हाडी-झाडी बोलीपुढे ते अडखळतं. वही आणि जाड मार्कर कधी हँग होत नाही.

मुक्काम कुठे करायचा

जंगलात किंवा जंगलाच्या कडेला तंबू नाही. नागपूरच्या उत्तरेला पेंच, दक्षिणेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला, पश्चिमेला बोर. सगळीकडे वाघ आहेत आणि अभयारण्याच्या रेषेबाहेरही ते फिरतात. राखीव वनात परवानगीशिवाय शिरणं आणि आग पेटवणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, माकड खोकलं, चितळाने इशारा दिला, तर ऐकणारा सावध होतो. आपल्याला तो इशारा नाही. तारे बघायचे असतील तर पेंचला सिल्लारीसारख्या ठिकाणी रीतसर खोली घेऊन राहा. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली, त्यामुळे आकाश तिथे झकास दिसतं.

माझी पसंती मोठ्या देवस्थानाच्या आवाराला किंवा धर्मशाळेला. उजेड असतो, पाणी असतं, पुजारी पहाटे उठतो. त्यानंतर कास्तकाराचं अंगण. वावरातल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तंबू फोटोत छान दिसतो, पण रात्री रानडुकरं पिकातच येतात, आणि काही ठिकाणी त्यांच्यासाठी तारांत वीज सोडलेली असते. ती बेकायदा असते, म्हणून कोणी सांगतही नाही. अंगणात राहा. यांतलं काहीच जमलं नाही तर चोवीस तास चालणारा पेट्रोल पंप किंवा ट्रकवाल्यांचा ढाबा. झोप तुकड्यातुकड्यांत मिळते, पण माणसं जागी असतात.

एकट्या बाईसाठी अंगण आणि धर्मशाळा एवढंच म्हणेन, आणि परवानगी घरातल्या बाईकडून घ्यावी, पुरुषाकडून नाही. मावशीने हो म्हटलं की तुम्ही त्या घरच्या पाहुण्या होता.

तंबूत रात्र

तंबूचं दार वस्तीकडे, पाठ गाडीला. दोन-तीन सोलर दिवे, माणूस जवळ आला की पेटणारे, बाहेरच्या बाजूला तोंड करून. पातळ, फिकट कापडाचा तंबू घ्या, म्हणजे दिवा पेटलेला आतून दिसतो. पण झोपलेल्याचे डोळे मिटलेले असतात, त्यामुळे दिव्यावर सगळं सोडता येत नाही. मी गुडघ्याच्या उंचीवर तंबूभोवती मासेमारीची दोरी फिरवतो आणि तिचं टोक तंबूच्या खांबाला बांधतो. कुणाचा पाय लागला की तंबू हलतो. दोरीला पांढऱ्या चिंध्या बांधा, नाहीतर यजमानांची म्हातारी पहाटे अडकून पडायची. दोरी आहे हे घरातल्या सगळ्यांना आधी दाखवून ठेवा.

जाड हवेची गादी नको. पातळ चटईवर झोपलं तर ट्रॅक्टर किंवा गाडी आवारात शिरलेली जमिनीतून कळते. माणसाचं पाऊल मात्र मातीवर कळत नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका. यजमानांना सांगून ठेवायचं: उठवायचं असेल तर हाका मारू नका, तंबू हलवा किंवा टॉर्च मारा. गजर मनगटावरच्या घड्याळाचा, थरथरणारा.

रात्री कुणाशी बोलायची वेळ आली तर डोक्यावरची टॉर्च समोरच्याला आंधळं करते. कंदिलासारखा दिवा बाजूला टांगा, म्हणजे दोघांचे चेहरे दिसतात.

गॅसची छोटी शेगडी वापरत असाल तर गळतीची सूं आपल्याला ऐकू येणार नाही, म्हणून जोडणीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, दर वेळी. शेगडी तंबूत किंवा बंद गाडीत कधीच नाही, आणि इंजिन चालू ठेवून गाडीत झोपायचंही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याचा अलार्म वाजतो, म्हणजे आपल्यासाठी तो नसल्यासारखाच.

साप आणि वीज

घोणस चावण्याआधी मोठ्याने फुत्कारते. लोक त्या आवाजाने जागच्या जागी थबकतात. आपण थबकणार नाही. म्हणून अंधारात बंद बूट, हातात टॉर्च, आणि गवतात पाय टाकण्याआधी काठी. सकाळी बूट झटकून घालायचे. चावलंच तर मांत्रिक नाही, चिरणं नाही, करकचून बांधणं नाही, सरळ जवळचं ग्रामीण रुग्णालय. वाटेवरच्या ग्रामीण रुग्णालयांची नावं त्या डॅशबोर्डच्या चिठ्ठीवरच लिहून ठेवा.

वीज चमकल्यावर गडगडाट किती सेकंदांनी येतो ते मोजून अंतर काढायचं, हे शाळेत शिकवतात. आपल्याला नुसती चमक दिसते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आपल्या जागेभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडतेय का ते दाखवतं. चमक दिसली की ॲप बघत बसू नका. झाडाखालून निघा, तंबू सोडा आणि गाडीत काचा लावून बसा. खरं तर पावसाळ्यात जाऊच नये: रपट्यावरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी किती जोरात चाललंय हे नुसतं बघून ठरवणं धोक्याचं आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एवढेच आपले महिने.

अडचण आली तर

आपत्कालीन मदतीचं ११२ इंडिया ॲप टाका आणि त्यात घरच्यांचे नंबर आधीच भरा. पॅनिक बटण दाबलं की तिकडून उलट फोन येतो, आणि तोच आपल्याला उचलता येत नाही. म्हणून मसुदा फोनमध्ये तयार हवा:

"मी कर्णबधिर आहे, फोनवर बोलता येणार नाही. ठिकाण: ____ ते ____ रस्ता, दगडावर ____ किमी. गाडी नंबर ____. मदत: अपघात / साप / गाडी बंद. माझ्या बहिणीशी बोला: ____."

रिकाम्या जागा भरून हा एसएमएस ११२ ला आणि ताईला, दोघांना पाठवायचा. नेटवर्क लंगडं असलं तरी एसएमएस बऱ्याचदा जातो, व्हॉट्सॲप अडकतं. मध्य प्रदेशात असाल तर ताईने नागपुरातून ११२ लावल्यावर तो महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात जातो. तेव्हा पहिल्याच वाक्यात "माणूस सिवनी जिल्ह्यात आहे" असं तिने सांगायला हवं. हे तिला आधी समजावून ठेवा. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन एका वेळी आठ तासच चालतं, म्हणून सकाळी निघताना आणि मुक्कामी पोचल्यावर ते नव्याने सुरू करायचं. ठरल्या वेळेनंतर दोन तासांत निरोप नाही आला तरच घरच्यांनी शोधाशोध करायची, असा करार करून घ्या. नाहीतर टॉवर गेला की घरात रडारड. परदेशी फिरस्ते उपग्रहावरून निरोप पाठवणारी यंत्रं वापरतात. ती आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे, ऑनलाइन मागवण्याच्या फंदात पडू नका.

दोन मुक्कामांची एक वाट

पहिला दिवस: नागपूर, कुही, वेलतूर, अंभोरा. सत्तरेक किलोमीटर. सकाळी उशिरा निघालात तरी दुपारी पोचाल. वैनगंगेला इथे कन्हान येऊन मिळते, काठावर शिवाचं जुनं देवस्थान. मुक्काम देवस्थानाच्या आवारात विचारून. नदीच्या वाळूत तंबू नको, गोसेखुर्द धरणाचं फुगलेलं पाणी रात्रीतून कुठवर येईल सांगता येत नाही.

दुसरा दिवस: २०२४ मध्ये सुरू झालेल्या पुलावरून भंडारा जिल्ह्यात, मग अड्याळमार्गे पवनी. वाटेत गोसेखुर्दच्या फुगवट्याखाली जुने काही रस्ते गेलेत. नकाशात रेघ दिसली म्हणून घुसू नका, फाट्यावर कार्ड दाखवून विचारा. पवनीचा जुना कोट बघा, धरण बघा, आणि चारच्या आत मुक्काम धरा. गाव मोठं आहे, तंबूऐवजी लॉजही चालेल.

तिसरा दिवस: पवनी, भिवापूर, उमरेड, नागपूर. पवनी-भिवापूरच्या मधला रस्ता अभयारण्याजवळून जातो, तिथे फोटोसाठी उतरायचं नाही. भिवापूरची मिरची भौगोलिक मानांकन मिळालेली आहे, घ्यायचीच असेल तर डिकीत घट्ट बांधून ठेवा, नाहीतर बंद गाडीत शिंकून शिंकून आरसे बघायचं राहून जातं. उमरेडनंतर कोळशाचे ट्रक लागतात. ते मागून रेटतात, डिपर देतात, कधी देतही नाहीत. डावी बाजू धरा, त्यांना जाऊ द्या, आणि दिघोरीच्या गर्दीत शिरण्याआधी एकदा थांबून ताईला निरोप टाका.